आमच्या देशाला, आपल्या देशाला

आमच्या सोसायटीच्या झेंड्याची गाठ दर वर्षी अडकते. २०२४ च्या १५ ऑगस्टलाही अडकली. रात्रभर भुरभुर चालू होती, दोरी भिजून फुगलेली, आणि अध्यक्षकाका खालून हिसके देतायत, वर झेंड्याची पुरचुंडी नुसती मान हलवतेय. आम्ही तीसेक माणसं सावधानमध्ये उभी. एक लहान मुलगी ‘पडला का, पडला का’ म्हणून विचारत होती आणि तिची आई ‘झेंडा पडत नाही, फडकतो’ म्हणून तिला दटावत होती. शेवटी वॉचमनच्या मुलानं कुठूनसा बांबू आणला, दोरीला एक तिरका झटका दिला आणि गाठ सुटली. झेंडूच्या पाकळ्या ओल्या असल्यामुळे सुट्या न पडता एकगठ्ठा काकांच्या टकलावर आल्या. कोणी हसलं नाही, कारण जन गण मन सुरू झालं होतं. ज्याचा त्याचा सूर, ज्याची त्याची लय. ‘तव शुभ आशिष मागे’पर्यंत येईतो निम्मे पुढे, निम्मे मागे. तरी शेवटच्या ‘जय हे’ला सगळे एकत्र आले. दर वर्षी येतात. मला तो क्षण फार आवडतो.

मग चहा आणि जिलेबी. काका कागदी बशी घेऊन माझ्या शेजारी आले. डोक्यावर केस नव्हतेच म्हणून भुवईत एक पाकळी अडकली होती. पाऊस, सोसायटीची मोटर, मुलीची बदली असं बोलता बोलता ते अगदी मनापासून म्हणाले, “बघा, आमच्या देशात तुम्हां लोकांना कधी काही कमी पडलं नाही. हीच तर आमच्या देशाची गंमत आहे.”

मी “हो ना” म्हटलं आणि जिलेबीचा तुकडा तोंडात टाकला.

दुपारी जेवताना ते ‘आमच्या’ आठवलं.

काकांबद्दल कोणाचा गैरसमज व्हायला नको. कोरोनाच्या पहिल्या लाटेत आमच्या घराला टाळं लागायची वेळ आली तेव्हा चौदा दिवस आमच्या दाराबाहेर दुधाची पिशवी ठेवणारा हा माणूस. नाताळात आमच्याकडच्या करंज्या त्यांच्या घरी जातात, संक्रांतीला त्यांच्याकडचा गूळ माझ्या दातात अडकतो. वीस वर्षांचा शेजार आहे. बायकोला मी ते वाक्य सांगितलं तर ती म्हणाली, “ते अध्यक्ष आहेत. ते ‘आमच्या लिफ्टमध्ये’, ‘आमच्या गच्चीवर’ असंच बोलतात. तुम्ही शब्दांत फार अडकता.” हे खरं आहे. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं पत्रव्यवहार सांभाळल्यावर माणूस शब्दांत अडकतोच. पण लिफ्टबद्दल बोलताना काका मला ‘तुम्हां लोकांना’ म्हणत नाहीत, हेही खरं आहे.

मराठीनं इथे मोठी पंचाईत करून ठेवली आहे. हिंदीत ‘हमारा’ म्हटलं की काम झालं, इंग्रजीतही एकच शब्द सगळ्यांना पुरतो. मराठीत मात्र दोन शब्द आहेत आणि दोघांच्या मध्ये दार आहे. ‘आमचं’ म्हणजे ऐकणाऱ्याला सोडून आमचं. ‘आपलं’ म्हणजे ऐकणाऱ्याला धरून. नवी सून पहिले काही महिने ‘आमच्याकडे वरणात गूळ घालतात’ म्हणते तेव्हा ती माहेराबद्दल बोलत असते, आणि सासूला ते बरोबर टोचतं. मग कधीतरी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, ती फोनवर कोणाला तरी म्हणते, ‘नाही, आपल्याकडे नाही घालत’. घरात कोणी त्यावर काही बोलत नाही, पण ऐकलेलं असतं सगळ्यांनी. हा शब्द शिकवून येत नाही आणि मागूनही मिळत नाही. तो आपसूक तोंडात यावा लागतो. काकांच्या तोंडात तो त्या दिवशी आला नाही, एवढंच झालं होतं. एवढ्यावरून माणसानं दुखावून घ्यावं का, हे मी स्वतःला विचारत होतो आणि उत्तर ‘नको’ असं येत होतं. तरी ते ठसठसत होतंच.

त्याच आठवड्यातल्या रविवारी देवळात गेलो. (आमच्या नगरकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. पुण्या-मुंबईच्या ख्रिस्ती मित्रांना त्याचं हसू येतं.) स्वातंत्र्यदिनाच्या लगतचा रविवार म्हणजे कार्यक्रम ठरलेला असतो. व्यासपीठाच्या कोपऱ्यात छोटा तिरंगा, तरुण संघाचं एक देशगीत, आणि शास्त्रपाठाला बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचा एकोणतिसावा अध्याय. बाबेलमध्ये, म्हणजे बॅबिलोनात, बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना यिर्मयानं यरुशलेमेहून धाडलेलं ते पत्र. घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेलं आहे त्याचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. पाळकसाहेबांनी चांगला संदेश दिला. मग मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी बाईंना पुढे बोलावलं.

बाई म्हणजे मला तिसरीत शिकवणाऱ्या बाई. ऐंशी ओलांडली आहे, एक गुडघा कामातून गेलाय, कानाला मशीन आहे पण ते ‘खरखर करतं’ म्हणून बहुतेक वेळा पर्समध्येच असतं. त्या माइक घेत नाहीत. कागदही घेत नाहीत. दोन्ही हात पुढच्या बाकावर टेकून उभ्या राहिल्या आणि देवाशी असं बोलायला लागल्या, जसं त्या पूर्वी हेडमास्तरांशी बोलायच्या: आदरानं, पण हिशेब घेऊन. सरहद्दीवरच्या शिपायांना राख. धरणात पाणी आलंय, ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरू दे. कांद्याचा भाव पाडू नको. एसटीचे ड्रायव्हर रात्रीचे गाड्या चालवतात, त्यांचे डोळे मिटू देऊ नको. परीक्षा होतात आणि पेपर फुटतात, त्या पोरांकडे बघ. मणिपूरच्या आयाबायांना विसरू नको. दिल्लीत आणि मुंबईत जे बसलेत त्यांना शहाणपण दे, तेही कोणाची तरी लेकरं आहेत. आणि मग, श्वास घेऊन, “देवा, आपल्या देशाला सांभाळ.”

सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी डोळे उघडले.

आपल्या? देवाशी बोलताना?

तिसरीत याच बाईंनी मला शिकवलं होतं की, ऐकणारा धरायचा असेल तर आपण, सोडायचा असेल तर आम्ही. प्रार्थनेत ऐकणारा देव. म्हणून प्रार्थनेत नेहमी ‘आम्ही’ असतं. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ पासूनच. आमची रोजची भाकर आज आम्हांला दे, आमच्या ऋणांची आम्हांला सूट दे. देव तिकडे, आम्ही इकडे, मध्ये हात जोडलेले. बाईंनी त्या रविवारी देवाला उचलून इकडच्या बाजूला आणून बसवलं होतं. जणू तोही इथलाच, त्याचंही रेशनकार्ड याच दुकानाला जोडलेलं, देश बुडाला तर त्याचंही काही बुडणार. आता कोणी म्हणेल की, ‘आपल्या’ हे आदरार्थी असेल, म्हणजे ‘तुमच्या देशाला’. पण बाई देवाला शेवटपर्यंत अरेतुरेच करत होत्या. एका वाक्यापुरत्या अहोजाहोवर गेल्या असं मानायला काही जागा नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात इम्मानुएल या नावाचा अर्थ दिला आहे: आम्हांबरोबर देव. शेकडो वेळा नाताळात हे वाचलंय, एकदा स्वतः व्यासपीठावरून वाचलंय. तो खरंच आम्हांबरोबर असेल तर व्याकरणाच्या नियमानं पुढचं वाक्य ‘आपण’नंच सुरू व्हायला हवं, हे कधी सुचलं नव्हतं. रिक्षात बसून घरी येताना ते सुचलं आणि मग काका, झेंडा, यिर्मया सगळं एकमेकांत गुंतायला लागलं.

देशासाठी केलेली पहिली प्रार्थना मला आठवते ती १९७२ ची. मी सात वर्षांचा होतो. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. आठवडाभर पाढे शिकवायचे आणि रविवारी त्याच खोलीत उपासना घ्यायचे. त्या वर्षी विहिरींचे तळ दिसत होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, संध्याकाळी आली की तिच्या पापण्यांवर पांढरी धूळ असायची. शाळेत सुकडी मिळायची, आणि रेशनवर मिलो, म्हणजे लाल ज्वारी. ज्यांनी तो लाल मिलो खाल्ला नाही त्यांना सांगून कळणार नाही. भाकरी थापता थापता तुटायची, तव्यावर कडक व्हायची, आणि वास असा यायचा की भूक असूनही पहिला घास फिरायचा. तो अमेरिकेहून आलेला आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. आम्हांला एरवी गावातली पोरं ‘अमेरिकेचे’ म्हणून चिडवायची, कारण आजोबांच्या मिशनचं नाव अमेरिकन मराठी मिशन. त्या वर्षी सगळ्या गावानं अमेरिकेचं खाल्लं, पण अमेरिकेचे आम्हीच राहिलो.

तर एका संध्याकाळी आजोबांनी पावसासाठी प्रार्थना ठेवली. घंटा वाजवली तेव्हा आमच्या पंधरावीस घरांतली माणसं आलीच, पण गावातलेही काही आले, दाराबाहेर चपला काढून उंबऱ्यालगत उभे राहिले. एका म्हाताऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आजोबा काय बोलले ते आठवत नाही. कंदिलाच्या काचेवरची काजळी आठवते, आणि ‘आमची रोजची भाकर’ म्हणताना आईच्या हातांना पडलेले घट्टे आठवतात. मला तेव्हा वाटलं होतं की भाकर म्हणजे मिलोचीच, आणि देवानं ती आज नाही दिली तरी चालेल. प्रार्थनेनंतर माळकरी म्हातारा आजोबांना म्हणाला, “मास्तर, झालं का आपलं सांगून?” आजोबा म्हणाले, “झालं.” पाऊस त्या आठवड्यात पडला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. तरी मला त्या ‘आपलं’चा आवाज अजून ऐकू येतो, आणि खरं सांगायचं तर पन्नास वर्षांनी तो आठवला तो काकांच्या ‘आमच्या’मुळेच.

यिर्मयाचं ते पत्र मला पूर्वी फार आवडायचं. आता थोडा राग येतो. पत्राचा नाही, आम्ही ते दर ऑगस्टला काढून वाचतो याचा. आम्ही कुठे बंदिवान आहोत? आम्हांला कोणी कुठून धरून आणलं? माझ्या खापरपणज्याचा बाप याच मातीत, याच काळ्या भेगाळ रानात दुसऱ्याच्या औतामागे चालला. गावकुसाबाहेर राहिला, पण गाव हेच. ख्रिस्ती झाल्यावर तो काही बोटीत बसून कुठे गेला नाही. होता त्याच झोपडीत राहिला, फक्त त्याच्या पोराला अक्षर ओळखू यायला लागलं. बाबेलची उपमा गळ्यात घालून आम्ही दर वर्षी स्वतःच म्हणत असतो की हे नगर दुसऱ्याचं आहे, आम्ही इथे पाहुणे, आणि पाहुण्यानं यजमानाचं भलं चिंतावं. मग काकांनी ‘आमच्या देशात तुम्हां लोकांना’ म्हटलं तर त्यांचं काय चुकलं? आम्हीच तर तसा शास्त्रपाठ लावून बसलोय.

अर्थात एकदम असंही म्हणता येत नाही. माझ्या एका चुलत भावाच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि धर्म आहे, देवळाच्या नोंदवहीत दुसरं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीची ओळख हिंदू धर्माला बांधली; पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती झालेला मात्र बाहेर. गावानं त्याला वेशीबाहेर ठेवायचं थांबवलं नव्हतं, कागदानं तेवढं मानलं की तो आता तिथला नाही. भावानं नोकरी केली, निवृत्त झाला, आणि पस्तीस वर्षं देवळात पाठीमागच्या बाकावर बसला. फोटोत यायचा नाही. देशासाठी प्रार्थना चालू झाली की त्याचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. त्याला बाबेलचा पाठ कदाचित माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. त्याच्यासमोर मी हा माझा यिर्मयावरचा राग काढायला धजणार नाही.

आमच्या या शहरात रेव्हरंड नारायण वामन टिळक राहिले, शिकवून गेले. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर सगळ्यांना वाटलं हा माणूस आता गेला: घरच्यांना वाटलं तिकडे गेला, आणि मिशनऱ्यांतल्या काहींना वाटलं हा आला. तो कुठेच गेला नव्हता. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत, आणि पूल वापरून झाल्यावर त्यांनी तो पाडला नाही. आजही आमच्या उपासनेत त्यांचे अभंग टाळांवर म्हणतात, आणि पेटीवाला रंगात असला की एखाद्या सप्ताहात बसल्यासारखं वाटतं. शेवटी १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा. मला त्या दरबाराचं नेहमी नवल वाटतं. दोनच वर्षांत टिळक गेले, त्यामुळे तो फार वाढला नाही. पण ‘आमची मंडळी’ कुठे संपते आणि ‘आपली’ कुठे सुरू होते यावर एका माणसानं आपली भाकरी पणाला लावली होती, हे तर खरं.

पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असतानाची गोष्ट त्यांच्या पत्रव्यवहारात आहे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं असावीत असं तिथल्या जोगिणींना (नन्सना) वाटत होतं. रमाबाईंनी हट्ट धरला, मला लॅटिन येत नाही, माझ्या क्रुसावर संस्कृत असेल. हीच बाई पुढे दौंडजवळच्या केडगावात बसून अख्खं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणते. क्रूस हवा होता, पण आपल्या अक्षरात. बाप्तिस्मा घेतला म्हणजे देश बदलला असं त्यांना एक क्षणही वाटलेलं दिसत नाही. असं वाटायला लागलं ते आम्हांला, नंतरच्यांना, आणि थोडं आजूबाजूच्यांना.

एक दिवस मी संविधान काढून बसलो. ते काढण्याचं कारण काका होते, हे मी बायकोला सांगितलं नाही. मराठी उद्देशिका सुरू होते ती ‘आम्ही, भारताचे लोक’ अशी. आपण नाही, आम्ही! क्षणभर मी वाद हरल्यासारखा झालो. मग शेवटपर्यंत वाचलं. हे संविधान ‘स्वतःप्रत अर्पण’ करत आहोत, असं तिथे म्हटलंय. देणारेही आम्ही आणि घेणारेही आम्ही. समोर कोणी ऐकणारा उभाच नाही, म्हणून कोणी बाहेर नाही. असं ‘आम्ही’ मराठीत मी दुसरं पाहिलेलं नाही. ज्या संविधानसभेत हे ठरलं तिचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी बंगाली ख्रिस्ती होते. अल्पसंख्याकांच्या राखीव जागांची तरतूद मे १९४९ मध्ये काढून टाकायचं ठरलं तेव्हा ख्रिस्ती प्रतिनिधींनी त्याला पाठिंबा दिला. आमच्यासाठी वेगळ्या खुर्च्या नकोत, सगळ्यांबरोबर बसू. माझ्या मनात याबद्दल अभिमान आहे, आणि भावाचा दाखला आठवला की त्याच अभिमानाला खाली एक भोकही आहे. दोन्ही बरोबर घेऊन चालायची सवय झाली आहे.

हे सगळं वाचत असताना कपाटात माझीच एक जुनी फाइल सापडली. देवळात मध्यस्थीच्या प्रार्थनेची माझी पाळी वर्षातून एकदोनदा येते. मी बाईंसारखा नाही, मी लिहून नेतो. पाटबंधारे खात्याची सवय, आवक-जावक क्रमांक तेवढा घालत नाही. बावीस प्रार्थना होत्या. चष्मा लावून एकेक वाचली. राज्यकर्त्यांना सुबुद्धी दे, त्यांना सत्याची वाट दाखव. जे द्वेष पसरवतात त्यांची मनं बदल. या लोकांचे डोळे उघड. त्यांना, त्यांची, या लोकांना. बावीस पानांत देश सगळीकडे होता आणि मी कुठेच नव्हतो. मी काठावर खुर्ची टाकून बसलेलो, बुडणाऱ्यांची नावं देवाला वाचून दाखवतोय. काकांनी एकदाच ‘तुम्हां लोकांना’ म्हटलं होतं. मी ते पंधरा वर्षं म्हणत होतो, तेही डोळे मिटून.

बायबलमधला नहेम्या शूशन राजवाड्यात राजाचा प्यालेबरदार होता. खाऊनपिऊन सुखी. यरुशलेमेचा तट पडलाय, वेशी जळाल्यात, हे कळल्यावर तो खाली बसून रडला आणि प्रार्थना करू लागला. तट पडला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. सरळ म्हणता आलं असतं की, देवा, त्यांनी चुका केल्या, आम्ही भोगतोय. तो म्हणतो, मी आणि माझ्या बापाच्या घराण्यानं पाप केलं. मला ‘देशासाठी प्रार्थना’ या प्रकारात हे सगळ्यात अवघड वाटतं. देशाचं भलं मागणं सोपं आहे, देशाला दोष देणंही सोपं. रस्त्यावर कोणाला तरी झुंडीनं मारलं हे वर्तमानपत्रात वाचायचं आणि देवासमोर ‘आम्ही मारलं’ म्हणायचं, हे माझ्या जिभेवर येत नाही. विशेषतः मार खाणारा कधीकधी आमच्यातला असतो तेव्हा तर नाहीच येत. पण ‘आपला देश’ असं एकदा म्हटलं की सणाच्या दिवशी आपला आणि लाजेच्या दिवशी त्यांचा, असं करता येत नाही. निदान प्रार्थनेत तरी.

डिसेंबरात बाईंच्या घरी करंज्या द्यायला गेलो तेव्हा हळूच विषय काढला. म्हटलं, बाई, ऑगस्टमधल्या प्रार्थनेत तुम्ही देवाला ‘आपल्या देशाला’ म्हणालात. त्यांनी मशीन कानात घातलं, मला पुन्हा म्हणायला लावलं, आणि चेहरा अगदी तिसरीच्या वर्गातला झाला.

“असं म्हटलं मी? मग चुकलंच की. ‘आमच्या’ पाहिजे तिथं.”

मी म्हटलं, मला ते बरोबर वाटलं. त्या म्हणाल्या, “बरोबर कसं? वय झालं माझं, तोंडात येईल ते बोलते.” आणि मग करंजीत खोबरं कमी पडलंय, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही, नातीला कॅनडाचा व्हिसा मिळाला, असं तासभर बोलत बसल्या. मी मनातल्या मनात बाईंना नापास करायला तयार नव्हतो.

२०२५ चा २६ जानेवारी रविवारी आला. सकाळी झेंडा, मग उपासना. गाठ अडकलीच. काकांनी या वेळी बांबू आधीच आणून ठेवला होता, वॉचमनचा मुलगाही हजर. थंडी होती, जन गण मनची वाफ निघत होती सगळ्यांच्या तोंडातून. चहाच्या वेळी काका म्हणाले, “तुमची आज प्रार्थना आहे ना? बायको म्हणत होती.” (म्हणजे माझीच बायको त्यांच्या बायकोला बोलली असणार.) “आमच्या हिच्या मोतीबिंदूचं परवा ऑपरेशन आहे. जमलं तर सांगा तुमच्या देवाला.” मी नाव विचारून घेतलं. वीस वर्षांत त्यांच्या बायकोचं नाव मला माहीत नव्हतं, हे तेव्हा कळलं. तळहातावर लिहिलं, कागद खिशात असूनही.

देवळात पाळकसाहेबांनी सुरुवातीलाच ‘अहमदनगरच्या’ म्हणून मग ‘अहिल्यानगरच्या’ अशी दुरुस्ती केली. नवीन नाव मिळून तीनच महिने झाले होते, आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. शास्त्रपाठ यिर्मयाचाच. मी पुढे गेलो. कागदावर बरीच खाडाखोड होती; ‘त्यांना’ जिथे जिथे होतं तिथे काट मारून वर काहीतरी लिहिलेलं, काही ठिकाणी तेही खोडलेलं. शिपाई झाले, शेतकरी झाले, तळहातावरचं नाव झालं. शेवटच्या ओळीला एका शब्दाची जागा मी कोरी ठेवली होती, म्हटलं आयत्या वेळी जे येईल ते. डोळे मिटले, आणि ‘देवा, आ’ एवढं म्हणून थांबलो. दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर एकच आहे.

पंख्याची घरघर ऐकू येत होती. पाठीमागच्या बाकावरून भाऊ खोकला. आणि पहिल्या रांगेतून बाईंचा आवाज आला, मशीन बहुतेक पर्समध्येच असावं:

“मोठ्यानं म्हण रे. काय ते ऐकू येत नाही.”